जिवंत माणसाचा टाक

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे; आणि मी घडलो त्या दिवशी, ज्याचा मी टाक आहे तो माणूस जिवंत होता. माझ्या आयुष्याचे सारे दुर्दैव या एका वाक्यात मावते. पुढचे सांगतो ते तुम्हाला ते पटावे म्हणून.

टाक म्हटल्यावर तुमच्यापैकी कुणाला दौतीत बुडवायचा टाक आठवेल. तो मी नव्हे. मी चांदीचा पातळ पत्रा, विड्याच्या पानाहूनही लहान. आमच्या माणदेशात घरातले माणूस वारले की अशा पत्र्यावर त्याची आकृती उठवतात आणि तो देव्हाऱ्यात खंडोबा-बिरोबाच्या पंक्तीला बसवतात. त्या दिवसापासून ते माणूस घरातले राहत नाही, देवांतले होते. त्याला नैवेद्य मिळतो. ताट मिळत नाही.

माझा जन्म रहिमतपूरच्या पेठेत, धन्यकुमार सराफांच्या दुकानात झाला. एकाहत्तर साल सरत आले होते. कोंडीबा मेटकरी नावाचे एक मेंढपाळ खांद्यावर घोंगडे टाकून दुकानाच्या पायरीशी उभे राहिले आणि वैमानिक मुलाचा टाक हवा म्हणाले. सराफांनी पितळी ठसे पुढे मांडले.

"रूप कुठलं काढू, कोंडीबा? उभा पुरुष का घोड्यावरचा?"

"पोरगं इमानात व्हतं."

"इमानाचा ठसा न्हाई माझ्याकडं. कुनाकडंच नसंल."

कोंडीबांनी ठशांवरून बोटे फिरवली. "मग घोड्यावर बसवा. त्याला पायी नगं धाडायला."

सराफांनी मला ठशावर ठेवून ठोकले, आणि पुढचे पाय उचललेला घोडा, वर फेटा बांधलेला पुरुष आणि त्याच्या हातात तलवार असे माझे रूप उमटले. मल्हार मेटकरी आयुष्यात कधी घोड्यावर बसला नव्हता. त्याला घोड्यांची भीती वाटे.

हा मल्हार कोंडीबांचा एकुलता एक मुलगा. तो साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकला आणि हवाई दलात वैमानिक झाला. त्या डिसेंबरात युद्ध पेटले, तेव्हा सीमेपलीकडच्या एका रेल्वेस्थानकावर हल्ला करून त्याचे आणि त्याच्या जोडीदाराचे अशी दोन विमाने परतत होती. जोडीदाराचे नाव सन्मती. तो सांगलीकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. सन्मतीच्या विमानाला खालून गोळे लागले. त्याचे इंधन गळू लागले, वेग मंदावला, आणि खालच्या तोफांना तो अगदी सोपा झाला. मल्हार तोवर तोफांच्या टप्प्याबाहेर निघाला होता. तो वळला. त्याच तोफांवरून तो अगदी खाली उतरून, सरळ रेषेत, मुद्दाम दिसेल असा गेला. साऱ्या नळ्या त्याच्याकडे फिरल्या. तेवढ्या अवकाशात सन्मती सीमा ओलांडून आपल्या तळावर पोहोचला. मल्हारचे विमान पेटले आणि त्याची हवाई छत्री परक्या शेतात उतरली.

शत्रूच्या रेडिओने काही दिवसांनी पकडलेल्या वैमानिकांची नावे वाचली. सन्मतीने ती स्वतः ऐकली. आनंदाच्या भरात त्याने आमच्या वाडीला फोन लावला. वाडीत फोन एकच, तो सोसायटीच्या कचेरीत. आणि सोसायटीचे चेअरमन लालासाहेब. तारेत खरखर होती. सन्मती ओरडून म्हणाला, "मल्हार पकडला गेला, जिवंत आहे!" लालासाहेबांच्या कानापर्यंत त्यातले जे आले ते असे : "मल्हार... पडला... गेला." मग तार तुटली.

मित्रांनो, आपल्या मराठीची ही क्रूर सोय आहे. माणूस धरला तरी तो 'गेला', आणि मेला तरी 'गेला'. मधला एक 'क' तारेत अडकला आणि जिवंत माणूस रणात पडला. लालासाहेबांना उलट फोन करून विचारता आले असते. त्यांनी फोन केलाही. पण साताऱ्याच्या वर्तमानपत्राला.

मल्हारची बायको बयाबाई तेव्हा जेमतेम विशीची होती. लालासाहेब चार माणसे घेऊन दारात आले तेव्हा ती जात्यावरून उठून आली आणि पीठ लागलेल्या हातांनीच उभी राहिली.

"काय म्हनला त्यो फोनवाला? जसंच्या तसं सांगा."

"पोरी, मन घट कर. पडला, गेला, म्हनला."

"वारला म्हनला का?"

"आगं, गेला म्हंजी आनखी काय असतं?"

"गेला म्हंजी गेला. कुठं गेला, इचारलं का तुमी?"

लालासाहेब सोबतच्यांकडे वळून म्हणाले, "धक्का बसलाय तिला." ज्या बाईचा प्रश्न अडचणीचा असतो, तिला धक्का बसलेला असतो. ही रीत फार जुनी आहे.

बयाबाईने कुंकू पुसले नाही. बांगड्या फोडायला आलेल्या बायकांना तिने दारातूनच परत पाठवले. त्या पाणवठ्यावर म्हणाल्या, "नवरा मेला तरी नटायची हौस बघा." कोंडीबांचा मात्र धीर सुटला. ज्याचा टाक बसत नाही तो भुकेला फिरतो, मेंढरांत शिरतो, असे त्यांना लहानपणापासून सांगितलेले होते. आपले पोर भुकेले फिरू नये म्हणून ते रहिमतपूरला गेले आणि मला घेऊन आले. मला बसवले त्या दिवशी ढोल वाजले, बिरोबाच्या ओव्या झाल्या, भंडारा उधळला. बयाबाई त्या वेळी मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्याशी युद्ध मांडले. देव्हाऱ्यातल्या साऱ्या देवांना ती आंघोळ घाली, मला वगळे. हात जोडून झाले की हलक्या आवाजात म्हणे, "तुमी उठा हितनं. ही जागा तुमची न्हाई." मित्रांनो, मला उठता येत नव्हते. पण तिचे बरोबर आहे हे मला तेव्हाही कळत होते.

पुढे काही आठवड्यांनी सन्मती स्वतः वाडीत आला. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन, वहिनीचे तोंड गोड करायला. वेशीवर त्याला नवा कोरा दगड दिसला : 'हुतात्मा मल्हार कोंडीबा मेटकरी'. खाली 'अनावरण : लालासाहेब', आणि ती अक्षरे वरच्याहून मोठी. तो पेढ्यांचा पुडा तसाच छातीशी धरून आमच्या दारात आला.

"वहिनी, हे काय? मी फोन केला होता की! त्यांच्या रेडिओवर मी स्वतः नाव ऐकलं त्याचं!"

"काय सांगितलं व्हतं तुमी फोनवर?"

"मल्हार पकडला गेला म्हणून. जिवंत आहे म्हणून."

गर्दीत लालासाहेबही आले होते. बयाबाई त्यांच्याकडे वळली. "ऐकलं का आवं, चेअरमन? पकडला." तिने पुडा सोडला, पहिला पेढा सासऱ्याच्या तोंडात घातला आणि मग तिथेच, उंबऱ्यावर, गुडघ्यांत डोके घालून बसली. कोंडीबा तो पेढा गिळू शकले नाहीत. तोंडात धरूनच रडले.

तुम्हाला वाटेल, आता गाव आनंदले असेल. मलाही तसे वाटले होते. मी तेव्हा फार नवा होतो. हुतात्मा होता तोवर मल्हार साऱ्या वाडीचा होता. जिवंत निघाल्यावर तो पुन्हा एका मेंढपाळाचा मुलगा झाला, आणि त्यात शत्रूने धरलेला. त्याच दिवशी पारावर बोलणे सुरू झाले.

"धरला म्हंजी? हात वर केलं असत्याल."

"मर्दाचं लक्षान न्हवं गड्या."

"जित्ता ठेवलाय म्हंजी कायतरी सांगितलं असंल त्यांना. उगं कोन ठेवतंय?"

दगडाचे काय करायचे, असे कुणी तरी विचारले. लालासाहेब म्हणाले, "बसलेला दगड उकरायचा म्हंजी गावाची अब्रू उकरायची. ऱ्हाऊ द्या. कवातरी खरं हुईलच की ते." पुढची निवडणूक त्यांनी त्याच दगडाला नारळ फोडून लढवली आणि जिंकली.

माझाही प्रश्न होताच. देवऋष्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, बसवलेला टाक मध्येच उठवला तर तिकडे त्या पोराचे काय होईल सांगता येत नाही. तो स्वतः येईपर्यंत हलवू नका. म्हणून मी तिथेच राहिलो. त्यानंतर बयाबाईने मला एकदाही 'उठा' म्हटले नाही. उलट रोज ओल्या फडक्याने पुसू लागली. माझ्या जागेवर राहण्यात त्याचा जीव आहे असे तिला सांगितले गेले होते, आणि या बाबतीत धोका पत्करण्याची तिची तयारी नव्हती.

वर्षभराने कैद्यांची अदलाबदल झाली आणि मल्हार परतला. पाठीचा कणा दुखावलेला, पुढचे दात गेलेले, एका कानाने ऐकू येत नव्हते. स्वागताला ढोल नव्हता. भावकीतले थोरले, गुंडा मेटकरी, दारातच आडवे उभे राहिले.

"थांब रं पोरा. तुझा टाक बसलाय घरात. तू देव हायस आता. देवाला उंबऱ्याच्या आत घेऊन ताटावर कसा बसवायचा? एका छपराखाली टाक बी अन् मानूस बी, आसं चालत न्हाई."

मल्हार भिंतीला टेकला. त्याला फार वेळ उभे राहता येत नसे. "मग आण्णा, निदान निवद तरी दावा. भूक लागलीया."

कुणी हसले नाही. बयाबाई आतून भाकरीचे ताट घेऊन आली होती, ती उंबऱ्याच्या अलीकडे तशीच थांबली. ताट घेऊन उंबरा ओलांडावा तर भावकी तुटणार, आणि न ओलांडावा तर नवरा उपाशी दारात. सगळे कोंडीबांकडे बघू लागले. टाक त्यांनीच आणला होता.

कोंडीबा देव्हाऱ्याशी आले. त्यांनी मला उचलले, धोतराच्या सोग्यात गुंडाळले आणि कमरेला खोचले. मग दारात जाऊन गुंडा मेटकऱ्यांना म्हणाले, "टाक निघाला घरातनं. ह्यो आता माझ्याबर फिरंल, मेंढरांमागं. पोराला आत येऊ द्या." आणि खरोखरच ते त्याच पावली मेंढरांकडे निघून गेले. मुलगा वर्षाने आलेला. पण त्याच्याबरोबर पहिला घास खायला ते थांबले नाहीत. मी घरात राहिलो असतो तर तो घास मल्हारच्या तोंडात पडला नसता.

त्यानंतरची वर्षे मी कोंडीबांच्या कमरेला काढली. माझी तीच कामाची वर्षे समजा. पावसाळ्यात माण, तो सरला की घाट उतरून कोकण. पाठ थोडी बरी झाल्यावर मल्हारही अधूनमधून वडिलांमागे येऊ लागला. हवाई दलाने त्याला पुन्हा विमान दिले नाही. त्या पाठीला ते झेपलेही नसते. एकदा कोरेगावच्या पुढे माळावर मेंढरे विसावली असताना कोंडीबांनी विचारले. साऱ्या वाडीत हा प्रश्न विचारणारे ते पहिले आणि शेवटचे.

"लय मारलं का रं?"

मल्हारने नजर मेंढरांवर ठेवली. "त्यांना नावं पायजे व्हती आबा. माझ्याबर कोन कोन उडतं, कुनाचा हुद्दा काय. न्हाई म्हनलं की मारायचे. म्हनून मग सांगितली नावं."

कोंडीबांचा हात कमरेला, माझ्यावर येऊन थांबला. "सांगितलीस?"

"आपल्या मेंढरांची. स्क्वाड्रन लीडर लांडे. फ्लाइट लेफ्टनंट बांडे. त्याच्या हाताखाली कबरे, मोरे, भुरे. रोज उलटून-पालटून इचारायचे, चुकतो का बघायला. मी कळप डोळ्यापुढं आनायचा आन् चालायला लावायचा. म्होरं लांडी, मागं बांडी. एक दिस चुकलो न्हाई."

कोंडीबांचे खांदे हलू लागले. "लांडीला... लांडीला स्क्वाड्रन लीडर केलंस व्हय रं? शेपूट बी न्हाई त्या रांडंला!" दोघे बाप-लेक त्या माळावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"शेवटी कळलं त्यांना," मल्हार म्हणाला. "त्यांच्यात बी कुनीतरी मेंढक्या असंल."

"मग?"

"मग कान गेला."

एवढेच. हे ऐकणाऱ्यांत जिवंत माणूस तेवढा एकच होता. बाकी मी, आणि ज्यांची नावे लढाईच्या कामी आली होती ती मेंढरे.

कोंडीबा वारले. त्यांचा टाक रीतसर देव्हाऱ्यात बसला. मला मात्र जागा नव्हती. मल्हार जिवंत होता. बयाबाईने मला भावकीच्या नकळत जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवले, आणि पुढची कित्येक दशके मी तिथे होतो; बाहेरचे जे कानावर येई तेवढेच मला कळे. मल्हारने डाळिंबे लावली. तो चालताना एक हात मागे कमरेवर ठेवी. घराच्या दाराला त्याने आतून कडी कधी लावू दिली नाही. दर सव्वीस जानेवारीला वेशीवरच्या त्याच्या दगडाला हार पडे, आणि तो दूध घेऊन तिथूनच घरी जाई. समारंभाच्या खुर्च्यांवर कोण पुढारी बसले आहेत याची जमलेल्या गर्दीला बरोबर माहिती असे. हार कुणासाठी आहे, हे विचारण्याचे धैर्य दरवर्षी थोडे कमी होत गेले. गावातल्या पोरांनी त्याला नाव ठेवले होते : पकड्या. "पकड्या आला रं," म्हणून ती भिंतीआड पळत. त्या पोरांना आता नातवंडे आहेत.

मागच्या हिवाळ्यात मल्हार वारला. घरात, अंथरुणावर, म्हातारपणाने. कोणत्याही सैनिकाला यापेक्षा मोठा विजय मी तरी ऐकलेला नाही. पण लालासाहेबांचे चिरंजीव बाळासो, जे आज वाडीचे पुढारी आहेत, त्यांची त्यामुळे अडचण झाली होती. देशभक्तीला सध्या बरे दिवस आहेत. दगडाच्या जागी मोठे स्मारक करायचे त्यांच्या मनात होते. दिवसकार्य झाले तेव्हा ते आमच्या अंगणात आले. भावकी बसलेली होती. बयाबाई खांबाला टेकून.

"काकी, काकांचा टाक हाय म्हनं तुमच्याकडं. चांदीचा, घोड्यावरचा. त्यो द्या स्मारकाला. काचंत ठिवू. पोरं बघत्याल, परेरना घेत्याल."

"खाली काय लिव्हनार?"

"शत्रूशी लढता लढता वीरमरण, आसं कायतरी."

"त्ये घरात वारले बाळासो. माझ्या हातचं पानी पिऊन."

"आवं काकी, ते हायच. पन स्मारक म्हंजी..."

"धरला व्हता, लय मारला, तरी कुनाचं नाव सांगितलं न्हाई, अन् परत आला. आसं लिव्हा. मग टाक घेऊन जा."

म्हणजे कोंडीबांनी माळावरचे ते बोलणे मरण्याआधी कधी तरी तिच्या कानावर घातले असावे. किंवा नवऱ्याने स्वतः. मला ठाऊक नाही. कोंडीबा घरात जात तेव्हा मला बाहेरच ठेवत, आणि पुढे मी पेटीत होतो.

बाळासोंनी आजूबाजूला बघितले. "काकी, राग मानू नगा. 'धरला', 'पकडला' ह्ये शब्द फलकावर बरं दिसत न्हाईत. ल्हान पोरांवर काय संस्कार हुनार?"

बयाबाई उठली. आत जाऊन तिने पेटी उघडली, लुगड्याचे पदर सोडले आणि मला हातात घेतले. कित्येक वर्षांनी मला उजेड दिसला. तिच्या बोटांची हाडे मला जाणवली. अंगणात येऊन तिने मला बाळासोंच्या तळहातावर ठेवले.

"घ्या. ह्यो त्यांचा न्हवताच कवा. तुमच्या बापानं मारल्याला मानूस हाय ह्यो. घेऊन जा तुमच्याकडं."

बाळासोंनी मूठ मिटली. शेवटी भावकीतले एक जण चाचरत म्हणाले, "वयनी, मग मल्हारदाचा नवा टाक कवा करायचा? कुठंतरी बसवाया तर पायजे."

"कुठंच न्हाई."

"आसं कसं? रीत हाय आपली."

"लय बसवलं त्यांना," बयाबाई म्हणाली. "तिकडं अंधारात भिताडाला टेकवून बसवलं. हितं दगडात बसवलं, चांदीत बसवलं. आता कुनी बसवायचं न्हाई. फिरू द्यात. मेंढरांत शिरले तर शिरू द्यात." आणि ती आत निघून गेली. दार उघडेच होते.

तर मित्रांनो, मी आता स्मारकाच्या काचेत आहे. माझ्या खालच्या फलकावर सुबक अक्षरांत चार ओळी आहेत आणि त्यांतली एकही खरी नाही. चांदी तेवढी खरी आहे. माझ्यावर दिवा आहे, माझ्यासमोर दोरी आहे. शाळेच्या सहली येतात. तुम्ही रांगेने पुढे सरकता, गुरुजी 'हात जोडा' म्हणतात आणि तुम्ही जोडता. तुमचा त्यात काही दोष नाही. तुम्हाला मी दाखवला गेलो; तो माणूस रोज तुमच्या वाटेवरून दूध घेऊन जात होता, तो कुणी दाखवला नाही.

माझे एकच मागणे आहे. माझ्यापुढे हात जोडू नका. तुमच्या आळीत, तुमच्या वाडीत कुणी तरी असा असेल, जो लढाईवरून, तुरुंगातून किंवा आणखी कुठून तरी परत आला आणि मग गप्प झाला. त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. काय झाले होते, ते विचारा. पहिल्या दिवशी तो तुम्हाला डाळिंबे देईल आणि हवापाण्याचे बोलेल. पुन्हा जा. तो बोलू लागला की मध्ये बोलू नका, आणि तो रडला तर उठून जाऊ नका. इकडे यायची घाई करू नका. मी चांदीचा आहे, इथेच असेन. तो नसेल.